पगारासाठी देणगी मागायला लाज कसली?

‘तुम्ही दिलेल्या शंभर रुपयांतले शंभरच्या शंभर रुपये थेट गरजूंपर्यंत पोचतात.’ जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या आधी आणि पुन्हा गणपतीच्या सुमारास हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं. वाचणाऱ्याला बरं वाटतं, विश्वास बसतो, क्यूआर कोड स्कॅन होतो. मला मात्र या वाक्याची धास्ती वाटते. ते खरं असेल तर त्या संस्थेतल्या माणसांचे पगार दुसरं कुणीतरी भरतंय आणि त्याचं नाव कुठेच येत नाहीये. खोटं असेल तर संस्थेनं देणगीदाराला पहिल्याच ओळीत फसवलंय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. देणगी पगाराला द्यावी, खोलीच्या भाड्याला द्यावी, हिशेबनिसाच्या फीला द्यावी, आणि संस्थांनी ती याच कामांसाठी मोकळेपणानं मागावी. दप्तरं आणि ब्लँकेटं यांच्यासाठी पैसे मिळवणं आज मुंबईत फार अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते दप्तर घेणारं मूल वर्षभर शाळेत टिकवणाऱ्या बाईला महिन्याच्या सात तारखेला पगार देणं.

पूर्व उपनगरातल्या एका लहान संस्थेचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षं हे हिशेब पाहतो आहे. त्यामुळे जे लिहितो आहे ते व्हाउचरांच्या फायलींमधून आलेलं आहे.

मुंबईत संस्थेकडे पैसा येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा निधी), टाटांसारखे जुने मोठे न्यास, परदेशी निधी आणि तुमच्याआमच्यासारख्यांच्या देणग्या. (सरकारी अनुदान ही आणखी एक वाट, पण ते रखडण्याची कहाणी इतकी मोठी आहे की तिच्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल.) यांत सगळ्यांचं लक्ष असतं ते सीएसआरकडे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. २०२२-२३ मध्ये देशभरात हा खर्च ३० हजार कोटींच्या घरात गेला आणि राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा नेहमीप्रमाणे महाराष्ट्राचा होता. मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं इथंच, नरिमन पॉइंटला, लोअर परळला, बीकेसीत. बीकेसीहून गोवंडी रिक्षानं गाठता येते. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यांत खाली होता तो याच गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग. पैसा आणि गरज एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर आहेत. अडचण आहे ती पैसा कोणत्या रूपात येतो यात.

एका कंपनीकडून आमचं बजेट दुरुस्त होऊन परत आलं, ती एक्सेलची शीट अजून माझ्याकडे आहे. अभ्यासिकेचा प्रस्ताव होता. साठ मुलं, तीन ताई, भाड्याची एक खोली. दप्तरं मंजूर. वह्या मंजूर. कंपनीचं चिन्ह छापलेले टी-शर्ट आम्ही मागितले नव्हते, ती ओळ तिकडून नव्यानं आली. टॅब्लेट मंजूर. ताईंचं मानधन तिघींवरून दोघींवर आलं. खोलीचं भाडं या ओळीसमोर शेरा होता, ‘हे संस्थेचं योगदान दाखवा’. हिशेबनीस: नामंजूर. वीजबिल: नामंजूर. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत बसवा, अशी शेवटी सूचना.

त्या कापलेल्या तिसऱ्या ताईचं काम काय असतं ते सांगतो. सातवीतली मुलगी सलग तीन दिवस आली नाही की चौथ्या दिवशी ताई तिच्या घरी जाते. गोवंडीतल्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांत पत्ता असा काही नसतो, माणसं माहीत असावी लागतात. बरेचदा कारण पाणी निघतं. नळाला पाणी यायची वेळ आणि शाळेची वेळ एकच असते, आई कामावर गेलेली असते, मग हंडे भरायला मुलगी थांबते. ताई शेजारणीशी बोलून पाणी भरायची पाळी बदलून घेते आणि मुलगी सोमवारी शाळेत दिसते. कधी दाखला अडलेला असतो, कधी जन्मतारखेचा घोळ असतो, मग ती आईला घेऊन वॉर्ड ऑफिसात दोन खेपा घालते. या कामाचा फोटो निघत नाही. प्रस्तावाच्या नमुन्यात त्याला रकाना नसतो. आणि शाळेत मूल टिकतं ते याच कामामुळे, हे त्या वस्तीत वर्षभर वावरलेल्या कुणालाही विचारा.

मग येतो मार्च. ज्या कंपनीची रक्कम ३१ मार्चपर्यंत खर्च होत नाही तिला चालू प्रकल्पाचे पैसे ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकावे लागतात आणि ते पुढच्या तीन वर्षांत वापरावे लागतात. चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत ते सरकारनं ठरवलेल्या निधीत जमा करावे लागतात. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे, कंपन्यांनी नुसतं कागदावर दान दाखवू नये म्हणून. पण त्याचा परिणाम असा की वर्षभर न आलेला फोन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पैसे तिसऱ्या आठवड्यात जमा होतात आणि ३१ तारखेपर्यंत यूसी, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, सीएच्या सहीशिक्क्यासह पाठवायचं असतं. दहा दिवसांत खर्च होण्यासारखी गोष्ट एकच असते, ती म्हणजे वस्तू. म्हणून दप्तरं, म्हणून सोलर दिवे, म्हणून पाणी शुद्ध करायची यंत्रं, ज्यांच्या दुरुस्तीची तरतूद कुणी केलेली नसते. जूनमध्ये शाळा उघडते, गळतीची मुलं शोधायचे दिवस सुरू होतात, आणि तेव्हा ताईच्या पगाराला खात्यात पैसे नसतात. दुसरा हप्ता पहिल्याची यूसी तपासून झाल्यावर येतो. तपासणीला कधी दोन महिने लागतात, कधी चार. तोवर आमच्या ताया उसनवारीवर राहतात. घर चालवणारी बाई चार महिने पगाराविना काम करते ही त्या प्रकल्पाला तिनं दिलेली देणगीच आहे. सगळ्यांत गरीब देणगीदाराची देणगी. ती कुठल्याही वार्षिक अहवालात छापली जात नाही.

पाच टक्क्यांचं तर नीट स्पष्टच करायला हवं, कारण या एका आकड्यानं फार नुकसान केलं आहे. सीएसआरच्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनं व्याख्याही घालून दिली. कंपनी सीएसआरचं सर्वसाधारण व्यवस्थापन करताना जो खर्च करते तो प्रशासकीय खर्च. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यातून वगळलेला आहे. म्हणजे ताईचा पगार, तिच्या सुपरवायझरचा पगार, अभ्यासिकेच्या खोलीचं भाडं हे सगळं प्रकल्पाचा खर्च म्हणून द्यायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही मीटिंगमध्ये ठामपणे सांगितलं जातं की ‘कायद्यानं आम्हाला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही’. समोरच्या तरुण अधिकाऱ्याला तसं खरोखर वाटत असतं. आणि मागायला आलेला माणूस कायदा दाखवून वाद घालत नाही.

परदेशी निधीचं दार तर बरंचसं बंद झालंय. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. त्याआधी मोठी संस्था परदेशातून पैसे आणायची, त्याचे कागद सांभाळायची आणि वस्तीतल्या लहान संस्थांना वाटून द्यायची. लहान संस्थेकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस नसतो, तिला ही साखळीच परवडणारी होती. ती तुटली. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारता यावा म्हणून सोशल स्टॉक एक्स्चेंजची घोषणा २०१९ च्या अर्थसंकल्पात झाली आणि आता बीएसई, एनएसई दोन्हीकडे तो विभाग सुरू आहे, पण तिथं नोंदणीसाठी वर्षाला निदान ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आमच्यासारख्यांचा तिथं संबंध येत नाही.

आता या सगळ्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो मला रास्त वाटतो. लोकांनी फसवणूक पाहिली आहे. अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, खजिनदार सून अशा ‘संस्था’ आपल्या आसपास आहेत. शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी ‘देणगी’ उकळण्याचा प्रकार इतका माजला होता की १९८७ साली महाराष्ट्राला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. अशा अनुभवानंतर माणूस म्हणणारच की पैसे देतो, पण वस्तू दाखव. ज्या निवृत्त शिक्षकानं पेन्शनमधून दोन हजार रुपये काढून दिले, त्याला ते एखाद्याच्या गाडीच्या पेट्रोलवर जाऊ नयेत असं वाटणं अगदी योग्य आहे.

पण प्रशासकीय खर्चाची टक्केवारी पाहून चोर सापडत नाही. ज्याला पैसे खायचे आहेत तो ते दप्तरांच्या बिलात खातो. वस्तूंच्या खरेदीत खोटं बिल करणं सोपं असतं, पगार बँकेतून जातो आणि त्याची नोंद राहते. बनावट संस्था प्रशासकीय खर्च दोन टक्के दाखवते आणि तिच्या कागदांवर सगळं चकाचक दिसतं. प्रामाणिक संस्था हिशेबनीस ठेवते, ऑडिट वेळेवर करते, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते, आणि म्हणून तिचा हा आकडा वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. चोराला ओळखण्यासाठी लावलेली ही फूटपट्टी प्रामाणिक माणसाला शिक्षा करते.

मग पाहायचं काय? आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासाला वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करावे लागतात. हा कायदा १९५० चा आहे आणि मुंबईचं कार्यालय वरळीत आहे. संस्थेला मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. जी संस्था ते लगेच पाठवते ती निम्मी परीक्षा तिथंच पास झाली. विश्वस्तांची नावं वाचा, एकाच आडनावाची किती आहेत ते दिसेल. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना काही रक्कम दिली असेल तर ती कशाबद्दल ते विचारा. सर्वांत कमी पगार असलेल्या व्यक्तीला महिन्याला किती मिळतात हेही विचारा. आणि मग मुख्य प्रश्न: गेल्या वर्षी काय जमलं नाही? ज्यांनी काम केलेलं असतं त्यांच्याकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर असतं.

समाजकार्य फुकटच करायला हवं, पगार घेतला की सेवा संपली, हा आपल्याकडचा आणखी एक पक्का समज आहे. त्यासाठी दाखले मात्र जुन्या त्यागी माणसांचे दिले जातात, म्हणून त्या माणसांनी काय केलं तेच पाहू. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं सेवा करायची शपथ घेत आणि महिना ७५ रुपये वेतन घेत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. १९०५ मध्ये त्यांनीच भारत सेवक समाज काढला तेव्हा पूर्णवेळ काम करणाऱ्या सदस्यांच्या चरितार्थाची सोय संस्थेनं करायची हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. वेतन बेताचं होतं, त्याग खराच होता, पण घरात चूल पेटणार की नाही ही काळजी कार्यकर्त्याच्या डोक्यावर टाकलेली नव्हती. लोकांकडून आलेल्या पैशातूनच हे भागत असे, आणि आपली देणगी प्राध्यापकाच्या पगाराला गेली म्हणून कुणी ती परत मागितल्याचं मी वाचलेलं नाही.

त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. दरडोई एक पैसा, गावोगाव फिरून गोळा केलेला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला आणि कितीतरी लोक तिथं काच बनवायला शिकले. एक पैसा देणाऱ्यानं कसली अट घालायची? त्याचा पैसा मोकळा होता. भट्टीलाही लागला, कारागिराच्या मजुरीलाही लागला. मोठ्या देणगीचं तसं नसतं. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. त्या देणगीनं विद्यापीठ तरलं, तेव्हा तिच्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण मोठा पैसा आपलं म्हणणं घेऊन येतो, तेव्हाही आणि आताही. संस्थेला स्वतःच्या मनाप्रमाणे वापरता येईल असा पैसा बहुतेकदा लहान देणगीदाराकडूनच येतो.

आणि लहान देणगीदार मुंबईत आहे. दर गणपतीत तो वर्गणी देतो. मंडळाकडे धर्मादाय कार्यालयाची परवानगी आहे का इतकं फार तर पाहतो. वर्गणीतले किती मंडपवाल्याला गेले आणि किती लायटिंगवाल्याला, असं विचारत नाही. उत्सव व्हायचा तर मंडप लागणार हे त्याला कळतं. ‘लोकसत्ता’ दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्या संस्थांच्या नावानं चेक पाठवतात. पाचशेचे, हजाराचे, कधी लाखाचे. त्यांत टी-शर्टाची अट नसते. काम वाचलं, पटलं, पैसे दिले. ज्या संस्थांना हा पैसा मिळाला असेल त्यांच्या खजिनदाराला विचारा त्याची किंमत. अडकलेल्या हप्त्याच्या महिन्यात पगार त्याच पैशातून होतात.

सरकारनं या देणगीदाराची वाट मात्र अवघड केली आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी, वजावट नाही. नोकरदार माणसाला आमच्या पावतीचा करासाठी आता बहुधा उपयोग नसतो. त्याच वेळी संस्थेवर प्रत्येक देणगीदाराचा तपशील भरून प्रमाणपत्र देण्याचं, ठरावीक वर्षांनी नोंदणी नव्यानं करण्याचं काम आलं आहे, आणि ते करणाऱ्या माणसाचा पगार कुणी द्यायला तयार नाही. नव्या प्रणालीतही छोट्या देणग्यांना वजावट मिळाली पाहिजे, ही मागणी संस्थांनी एकत्र येऊन लावून धरायला हवी. आज प्रत्येक जण आपापल्या प्रस्तावात गुंतलेला आहे.

संस्थांना माझं आणखीही सांगणं आहे, आणि ते कडक आहे. शंभरातले शंभर पोचतात असं लिहिणं बंद करा. एका मुलाला वर्षभर शाळेत टिकवायला खरा खर्च किती येतो तो काढा, त्यात भाडं, वीज, ऑडिट, ताईचा पीएफ सगळं धरा, आणि तोच आकडा सगळ्यांना सांगा. कंपनीनं त्यातला अर्धाच दिला तर अर्ध्याच मुलांचं काम हातात घ्या. किमान वेतनासाठी घरकामगारांचे मोर्चे काढणाऱ्या आपल्या चळवळीत कार्यकर्तीला ‘मानधन’ म्हणून किमान वेतनापेक्षा कमी रक्कम हातावर ठेवली जाते, ग्रॅच्युइटीचं नाव काढलं जात नाही, आणि हे सगळं बहुतांशी बायकांच्या बाबतीत होतं. निधी नाही हे कारण खरं आहे. पण निधी मागताना आपणच ती रक्कम कमी लिहिली होती हेही खरं आहे. आयकराच्या नियमांप्रमाणे उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात कामावर खर्च करावी लागते आणि १५ टक्के शिल्लक टाकता येते. ती टाका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्या संस्थांकडे दोन-तीन महिन्यांचे पगार शिल्लक होते त्यांच्या कार्यकर्त्या पहिल्या आठवड्यापासून रेशन वाटताना दिसल्या. बाकीच्या संस्थांत चांगली माणसं काम सोडून गेली आणि पुन्हा आली नाहीत.

शंभर माणसांनी महिना पाचशे रुपये दिले तर पन्नास हजार होतात. गोवंडीत साधारण तेवढ्यात तीन ताईंचे पगार आणि एका खोलीचं भाडं निघतं, ज्या खर्चाला आमच्या त्या एक्सेल शीटवर कात्री लागली होती तोच. एखादी संस्था निवडा, तिचे ताळेबंद वाचून निवडा. बँकेत दर महिन्याची सूचना देऊन ठेवा, एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा संस्थेला ते जास्त उपयोगी पडतं, कारण पगारही दर महिन्यालाच असतो. देणगीसोबतच्या चिठ्ठीत कारणाच्या जागी ‘सर्वसाधारण खर्चासाठी’ असं लिहा. आणि सहा महिन्यांनी एकदा संध्याकाळी पाचनंतर, मुलं असतात तेव्हा, त्या खोलीवर जा आणि ताईला विचारा की या महिन्यात किती मुलं शाळेत परत आली आणि तिचा पगार किती तारखेला झाला.